फक्त रविवारचं तिकीट काढू नकोस

सांगलीच्या विश्रामबागेतून निघून इटलीत बोलोन्याला डेव्हिस कपची, म्हणजे देशांच्या संघांमधल्या टेनिस स्पर्धेची, फायनल बघायची! तुझा प्रश्न वाचला आणि स्पेनमधल्या मालागाचे दिवस डोळ्यांसमोर उभे राहिले. 'रविवारच्या फायनलचं एकच तिकीट काढून तीन दिवसांत परत यावं का' असं विचारलंयस. माझं ऐकशील तर नको. सुट्टी मिळाली तर पूर्ण आठवडा काढ, नाहीतर निदान शुक्रवार-शनिवारच्या सेमीफायनल पदरात पाडून घे.

कारण सांगतो. २०१९ पासून या अंतिम टप्प्यात दोन देशांच्या लढतीत दोन एकेरी आणि बरोबरी झाली तर दुहेरी, सगळे सामने जास्तीत जास्त तीन सेटचे. तेव्हापासून २०२५ पर्यंत सहा फायनल झाल्या आणि सहाही २-० नं संपल्या. म्हणजे फायनलची निर्णायक दुहेरी अजून कुणी पाहिलेलीच नाही! आणि आपण तर दुहेरीवर वाढलेली माणसं. १९६६ ला मेलबर्नच्या फायनलमध्ये आपण ४-१ हरलो, पण तो एक गुण रामनाथन कृष्णन आणि जयदीप मुखर्जी यांनी ऑस्ट्रेलियाच्या न्यूकोम्ब-रोश जोडीला हरवून आणला होता. २०१७ ला न्यूझीलंडविरुद्धची लढत बघायला मी साताऱ्याहून बालेवाडीला गेलो ते लिअँडर पेसच्या डेव्हिस कपमधल्या विक्रमी ४३ व्या दुहेरी विजयासाठी. तो त्या दिवशी हरला (विक्रम पुढच्या वर्षी चीनमध्ये झाला), पण स्टेडियममधला तो श्वास रोखून धरलेला क्षण मी विसरलेलो नाही.

असली दुहेरी मिळते ती आधीच्या फेऱ्यांत. २०२४ ला मालागात मी मंगळवारपासून होतो. स्पेन-नेदरलँड्स, नदालची शेवटची लढत. २००४ ला तो डेव्हिस कपमधला पहिला एकेरी सामना हरला होता, मग सलग २९ जिंकला, आणि इथे व्हान डे झांडस्कुल्पकडून हरला. अल्काराझनं बरोबरी साधली. मग दुहेरी, दोन्ही सेट टायब्रेकला (६-६ बरोबरीनंतरच्या निर्णायक गेमला), आणि स्पेन पहिल्याच दिवशी बाहेर! माझ्या रांगेतल्या एका स्पॅनिश कुटुंबानं रविवारचीही तिकिटं काढून ठेवली होती. त्यांचे चेहरे बघवेनात.

म्हणून नावांवर जाऊ नकोस. २०२५ ला बोलोन्यात इटलीचा सिनर आलाच नाही, अल्काराझ दुखापतीनं गेला. तरी सेमीफायनलला इटलीच्याच कोबोलीनं बेल्जियमच्या बर्ग्जचे सात मॅच पॉइंट वाचवून शेवटचा टायब्रेक १७-१५ असा घेतला. मी घरी मोबाईलवर बघत होतो, ओरडलो तशी बायको जागी झाली. तो सामना तिथं बसून बघायला मिळावा, एवढंच मला वाटत होतं. कोण खेळणार हे महिनाभर आधी कुणालाच ठाऊक नसतं. तिकीट स्पर्धेचं काढायचं, खेळाडूचं नाही.

बाकीचं थोडक्यात. शेंगेन व्हिसाचा अर्ज प्रवासाच्या सहा महिने आधीपासून करता येतो. शेवटच्या पंधरवड्यावर ठेवू नकोस. प्रवास विमा किमान ३०,००० युरोचा लागतो. विमान मिलानचं स्वस्त मिळालं तर घे, तिथून जलद रेल्वेनं बोलोन्या साधारण तासाभरावर आहे. नोव्हेंबरात तिथं कडाक्याची थंडी आणि दमट हवा असते, स्वेटरवर भागणार नाही. पाऊस आला तर मात्र घाबरू नकोस, अख्खं गाव कमानींच्या ओवऱ्यांखालून फिरता येतं. सांगलीचं भडंग खुशाल ने. पेढे, चक्का असलं दुधाचं काही नेऊ नकोस, युरोपात ते आणायला बंदी आहे आणि विमानतळावर काढून घेतात.

आणि तिरंगा ने. आपला संघ नसला तरी. मालागात माझ्या खांद्यावरचा झेंडा बघून एक डच आजोबा आपणहून येऊन बसले आणि रमेश कृष्णन, विजय अमृतराज यांच्या १९८७ च्या संघाबद्दल तासभर बोलत राहिले. फायनल स्वीडनमध्ये आपण ५-० हरलो होतो, पण त्यांना आठवत होता तो रमेशचा हात.

तोच झेंडा माझ्याकडे आहे, बालेवाडी आणि मालागा दोन्ही पाहिलेला. मुंबईला महालक्ष्मी एक्सप्रेसनं निघणार असशील तर डबा नंबर कळव. गाडी रात्री साताऱ्यावरून जाते, मी स्टेशनवर येऊन तुझ्या हातात देतो.