मोसिन-नगांत घेताना

प्रश्न : मी टेक्सासमध्ये राहतो. जुनी लष्करी मोसिन-नगांत ९१/३० ही सोव्हिएत रायफल घ्यायची आहे. काय तपासू? काडतुसं परवडतील का?

उत्तर : रायफल रिकामी असल्याची खात्री करा, बोल्ट (मागचा सरकता खटका-दांडा) काढा आणि नळीत उजेड टाका. काळपटपणा चालेल, नळीच्या तोंडाशी झिजलेले आटे (गोळीला फिरकी देणाऱ्या आतल्या खाचा) मुळीच नकोत, नेम तिथेच बिघडतो. बोल्ट अडकतोय? बहुधा चेंबरमध्ये (काडतूस बसतं त्या जागी) जुनं कॉस्मोलिन, म्हणजे गंज टाळायला लावलेलं घट्ट ग्रीस, बसलंय. सॉल्व्हंट आणि ब्रशने निघेल.

सोव्हिएत काडतुसांचे ४४० नगांचे स्वस्त डबे आता दुर्मिळ. त्यांच्या प्रायमरचा (दारू पेटवणाऱ्या टोपीचा) क्षार झाडल्यावर नळीत उरतो, ओल धरतो, नळी गंजते. नुसत्या तेलाने तो विरघळत नाही. त्याच दिवशी गरम पाणी ओता, कोरडं करा, मग तेल. बोल्टचं तोंडही धुवा! नेहमी झाडणार असाल तर बॉक्सर प्रायमरची (सहज बदलता येणाऱ्या टोपीची) पितळी टरफलं पुन्हा भरणंच परवडतं. त्यासाठी गोळी साधारण ०.३११ इंच व्यासाची घ्या, ०.३०८ ची सैल पडते.