आधी हवेची गळती, मग जेट

सायकलला बसवलेल्या लहान टू-स्ट्रोक इंजिनाची ताकद वाढवायची म्हणून आपण लगेच मोठा कार्बोरेटर किंवा एक्स्पान्शन चेंबर (धूर बाहेर सोडणारी खास फुगीर नळी) विकत घेऊ नये; आधी कार्बोरेटर व सिलिंडर यांच्यामधल्या नळीचे सांधे तपासावेत. तेथून हवा आत शिरत असेल, तर मिश्रणात पेट्रोल कमी पडते, इंजिन बेसुमार तापते आणि पिस्टन जाम होऊ शकतो.

गळती नाही याची खात्री झाल्यावरच जेटकडे, म्हणजे किती पेट्रोल जाईल हे ठरवणाऱ्या कार्बोरेटरमधल्या बारीक छिद्राच्या भागाकडे, वळावे. इंजिन गरम असताना चढावर पूर्ण थ्रॉटल देऊन थोडे अंतर जावे, क्लच दाबून त्याच क्षणी इंजिन बंद करावे आणि स्पार्क प्लग उघडून पाहावा. टोकाकडचे चिनी मातीचे आवरण फिकट तपकिरी असेल तर जेट योग्य आहे; काळे व ओलसर असेल तर मोठा आणि पांढरेफटक असेल तर लहान, म्हणजेच धोक्याचा. या काळात पेट्रोलमध्ये मिसळायच्या ऑइलचे प्रमाण मुळीच बदलू नये, कारण ऑइल वाढवले की मिश्रणातले पेट्रोल तेवढे घटते, हे अनेकांच्या लक्षातच येत नाही.

मागचे 44 दात्यांचे स्प्रॉकेट (साखळीचे दातेरी चाक) बदलून 36 दात्यांचे बसवल्यास तेवढ्याच आरपीएमला वेग सुमारे 22 टक्क्यांनी वाढतो. चढावर मात्र पेडल मारावे लागेल, आणि ब्रेक त्याआधीच सुधारून घ्यावेत.