‘शुगर आहे’ आणि ‘शुगर किती आहे’

माझ्या समुपदेशनाच्या कामात २०२० पासून हा प्रश्न माझ्याकडे इतक्या वेळा आलाय की समोरचा माणूस खुर्चीत टेकायच्या आधीच मला तो ओळखू येतो. "मॅडम, मला शुगर आहे. करोना झाला तर मी वाचेन का?" मे २०२३ मध्ये जागतिक आरोग्य संघटनेने करोनाची आणीबाणी संपल्याचं जाहीर केलं, पण प्रश्न काही संपला नाही. २०२५ च्या मे-जूनमध्ये रुग्ण वाढल्याच्या बातम्या आल्या आणि नाशिकच्या सिडको, सातपूर, पंचवटीतून पुन्हा फोन सुरू झाले. त्यातल्याच एक सुमनताई. नाव बदललंय.

वय ५६, मधुमेह बारा वर्षांचा. मुलगा घेऊन आला होता. "आई घराबाहेर पडत नाही. रोज सकाळी गोल्फ क्लबवर चालायला जायची, ते बंद केलं. कुणी घरी आलं तर आतल्या खोलीत जाऊन बसते."

"सुमनताई, शेवटची शुगर कधी तपासली?"

त्या पदराचं टोक बोटाला गुंडाळत राहिल्या. मुलगाच म्हणाला, "मशीन आहे घरात. हात लावत नाही."

पुढच्या वेळी त्यांना एकटीला बोलावलं. मग थोरल्या जाऊबाईंचं निघालं. एप्रिल २०२१. खाटेसाठी रात्रभर फिरले होते सगळे.

"शुगर होती म्हणून गेल्या, असं सगळे म्हणाले. मलापण तीच आहे."

"त्यांची किती होती?"

"आता आहे म्हणजे आहे ना, मॅडम. किती, ते कुठं कुणी विचारलं?"

हे वाक्य मी त्यांच्यासमोरच वहीत लिहून घेतलं. इतक्या वर्षांच्या कामात माझा एक विश्वास पक्का होत गेलाय : माणूस जे वाक्य मनात घोळवतो, त्याच्याच आकाराची त्याची भीती होते. ‘शुगर आहे’ या वाक्यात करण्यासारखं काहीच नाही. ‘किती आहे’ म्हटलं की आज, आत्ता काहीतरी करता येतं. सुमनताईंची सगळी भीती पहिल्या वाक्यात अडकली होती आणि दुसरं वाक्य त्यांना कुणी दिलंच नव्हतं.

मी डॉक्टर नाही. औषधाचं त्यांच्या फिजिशियनवर सोडलं. पण जे पक्कं माहीत आहे ते मी स्पष्ट सांगते, कारण खोट्या धीराने भीती आणखी वाढते. मधुमेहामुळे करोना झाला तर तो गंभीर होण्याचा धोका वाढतो, हे खरं आहे. साखर सतत चढी असेल तर जंतूंशी लढणाऱ्या पांढऱ्या पेशी मंदावतात. त्यात संसर्गाच्या ताणाने शरीरात कॉर्टिसॉलसारखी संप्रेरकं वाढतात, यकृत साखर सोडू लागतं, आणि जेवण कमी होऊनही आकडा चढतो. ऑक्सिजन लागलेल्या रुग्णाला स्टिरॉइड जीव वाचवायला देतात, पण त्यानेही साखर वाढते. २०२१ मधला काळ्या बुरशीचा आजार बहुतेक वेळा चढी साखर आणि स्टिरॉइड एकत्र आले तिथेच दिसला. पण सगळ्याच मधुमेहींचा धोका सारखा नसतो. वय, किडनी, रक्तदाब, लस आणि मुख्य म्हणजे साखर किती ताब्यात आहे, यावर बरंच ठरतं. सुमनताईंनी भीतीपोटी चालणं सोडलं होतं, म्हणजे ताब्यात ठेवायचं एक साधनच हातचं घालवलं होतं.

चौथ्या भेटीला त्या मशीन घेऊन आल्या. पाउच देव्हाऱ्यामागे ठेवलेला, त्याला उदबत्तीचा वास. पट्ट्यांच्या डबीचं सील तसंच, मुदत मात्र कधीच संपलेली. खालच्या मेडिकलमधून नवी डबी मागवली. हात धुऊन आल्या, बोट पुढे केलं, डोळे मिटले. मशीन वाजलं.

"तुम्हीच वाचा," मी म्हटलं.

बराच वेळ गेला. "दोनशे अडुसष्ट." मग माझ्याकडे बघून, "एवढीच? मला वाटलं पाचशे असेल."

२६८ चांगली नाही, आणि ते मी लगेच सांगितलं. पण चार वर्षांत पहिल्यांदा त्यांची भीती आकड्यात आली होती. अशा क्षणी मी पुढे बोलत नाही, समोरच्या माणसाला त्यात थोडं बसू देते. त्या रडल्या. जाऊबाईंसाठी रडायचं राहून गेलं होतं, तेही त्यात होतं.

त्याच आठवड्यात डॉक्टरांना दाखवून झालं, साखरेच्या तीन महिन्यांच्या सरासरीची तपासणी झाली, गोळ्या बदलल्या. आजारपणात काय करायचं ते डॉक्टरांकडून कागदावर लिहून घ्यायला मी सांगितलं, आणि हे मी प्रत्येक मधुमेहीला सांगते. जेवण जात नाही म्हणून इन्सुलिन किंवा गोळ्या मनाने बंद करायच्या नाहीत. काही गोळ्या आजारपणात थांबवाव्या लागतात, पण कोणत्या ते डॉक्टरच सांगतील. दर चार-सहा तासांनी साखर बघायची, पाणी पीत राहायचं. धाप लागली, उलट्या थांबेनात किंवा ऑक्सिजन ९४ च्या खाली गेला, तर घरी थांबायचं नाही.

मुलालाही एक काम दिलं. "आई, काही होत नाही गं" हे म्हणणं बंद. त्याऐवजी रोज विचारायचं, "आज किती आली?"

ऑगस्टमध्ये एका रात्री त्यांचा फोन आला.

"मॅडम, ताप आहे, १०१. शुगर २१०, ऑक्सिजन ९७. डॉक्टरांना कळवलंय, सकाळी टेस्ट करायचीय. तुम्हाला आपलं सांगून ठेवलं." आणि माझं काही ऐकायच्या आधीच म्हणाल्या, "ठेवते आता, दहाला परत बघायचीय."