बडग्याचा तिरपा डोळा

"मॅडम, वेळच पुरून नाही राहिला."

नागपूरच्या धरमपेठेतल्या माझ्या समुपदेशनाच्या छोट्याशा खोलीत हे वाक्य गेल्या काही वर्षांत इतक्यांदा ऐकलं आहे, की आता समोरच्याने तोंड उघडायच्या आधीच मला ते ऐकू येतं. म्हणणारे बहुतेक पंचविशी-तिशीतले. कोणी चित्रकार, कोणी फोटोग्राफर, कोणी नाटकांचे सेट करणारा. मोबाइल उपडा ठेवलेला आणि सारखा थरथरणारा. चौघांचं मिळून प्रदर्शन, शाळेची भिंत, मित्राच्या नाटकाचा सेट, मुंबईच्या कुठल्याशा गटाबरोबर रात्री दहाची ऑनलाइन मीटिंग. स्वतःची चित्रं भिंतीकडे तोंड करून उभी. मागून आईवडील येतात ते वेगळेच. त्यांचा प्रश्न असतो, "एवढी धावून राहिली पोरगी, पण हाती काय?"

त्यातल्या एकीची ही गोष्ट. तपशील बदलले आहेत, दोघातिघांचे मिसळलेही आहेत. तिने वाचून हो म्हटलं आहे.

ती आली तेव्हा एकोणतीस वर्षांची होती. चित्रकलेची पदवी झालेली, घर इतवारीत, मानेवाड्याकडे तिघींत मिळून भाड्याची एक खोली स्टुडिओ म्हणून. तेव्हा तिच्या हातात चार कामं होती आणि चारही इतरांसोबतची. पहिल्या भेटीत तिने ती बोटांवर मोजून सांगितली. पाचवं बोट उघडायच्या आधी थांबली आणि म्हणाली, "एक सोलोचं पण होतं. गॅलरीने तारीख दिली होती."

"मग?"

"परत केली. सेटचं काम आलं होतं ना. त्याच्या आदल्या वर्षीही परत केली होती. तेव्हा भिंतीचं काम होतं."

नागपुरात चित्रं टांगायच्या चांगल्या भिंती मोजक्या आहेत. लोकमत भवनातली दर्डा आर्ट गॅलरी, सिव्हिल लाइन्समधलं दक्षिण मध्य क्षेत्र सांस्कृतिक केंद्र, अशी चार नावं झाली की यादी संपत येते. मुंबईच्या जहांगीर आर्ट गॅलरीची भिंत मिळवायची तर अर्ज करून वर्षानुवर्षं वाट पाहावी लागते. अशा गावात हाती आलेली तारीख दोनदा परत जाते, हे माझ्या कानाला तेव्हाच खटकायला हवं होतं. खटकलं नाही. मी वेळापत्रक करायला बसले.

तीन भेटी त्यात घालवल्या. आठवड्याचे तास मोजले, कुठली कामं सोडता येतील ते पाहिलं, सकाळचे तीन तास फक्त स्वतःच्या चित्रांसाठी राखले. तिसऱ्या भेटीला ती ते वेळापत्रक जलरंगात रंगवून घेऊन आली. इतकं देखणं, की फ्रेम करावं. पाळलं मात्र एकही दिवस नाही. माझ्या लक्षात आलं, की वेळापत्रक हे तिचं पाचवं कोलॅबरेशन झालं होतं, माझ्याबरोबरचं.

चूक माझी होती आणि तिचं मूळ माझ्या विचारसरणीतच होतं. मी अॅडलरची. आल्फ्रेड अॅडलर, व्हिएन्नाचा, आधी डोळ्यांचा डॉक्टर होता आणि मग मनाकडे वळला. त्याच्या सुरुवातीच्या दवाखान्यात जवळच्या जत्रेतले कसरतपटू आणि कलावंत यायचे असं सांगतात, त्यामुळे कलेतली माणसं समोर बसली की मला तो हटकून आठवतो. माणूस इतरांशी किती जोडून राहतो, मिळून किती काम करतो, यावर तो मनाची तब्येत जोखायचा. ही मुलगी तर दिवसाचे चौदा तास मिळूनच काम करत होती! मी मनातल्या मनात तिला पैकीच्या पैकी गुण देऊन मोकळी झाले होते. गुरूचं एक वाक्य धरून ठेवलं की त्याची बाकीची वाक्यं विसरायला होतात, ते असं.

चौथ्या भेटीत मी त्याचाच एक जुना प्रश्न काढला. साधा आहे, पण मी तो जपून वापरते.

"समज, उद्या सकाळी उठलीस आणि चारही कामं संपलेली आहेत. पैसे खात्यात जमा. कोणाचा फोन नाही. सात वाजता काय करशील?"

या प्रश्नाचं उत्तर माणसाला तडक देता आलं, तर अडचण खरोखर वेळेची असते. दोन वर्षांपूर्वी एका मुलाला हेच विचारलं, तर तो क्षणात म्हणाला, "सात ते दहा तीन कॅनव्हास पुरे करीन, ते मार्चपासून पडले आहेत." त्याच्याशी मी सरळ हिशेबाचं बोलले. कुठल्या कामाचे किती पैसे, आगाऊ किती मागायचे, कोणाला नाही म्हणायचं. दोन भेटींत काम झालं.

ही गप्प झाली. बराच वेळ. मग म्हणाली, "झोपीन."

"आणि उठल्यावर?"

"कोणाला तरी फोन करीन. काही काम आहे का म्हणून."

दोघीही हसलो. तिचं हसू आधी थांबलं.

मग मी तिला विचारलं, रंगांची तुझी सगळ्यात जुनी आठवण कोणती? बक्षिसं, एलिमेंटरी-इंटरमीजिएटचे ग्रेड यातलं काही नको, त्याच्याही आधीची. अॅडलर लोकांना त्यांची पहिली आठवण विचारायचा. माणूस हजार आठवणींतून एक का राखून ठेवतो, यात त्याचा जगण्याचा ढंग दिसतो, असं तो मानायचा. माझा यावर विश्वास आहे, आणि या दिवसानंतर थोडा जास्तच.

ती म्हणाली, "बडग्या."

नागपूरबाहेरच्यांसाठी सांगते. पोळ्याच्या दुसऱ्या दिवशी, तान्ह्या पोळ्याला, इथे काळी आणि पिवळी मारबत या बायांच्या रूपातल्या पुतळ्यांची मिरवणूक निघते. बरोबर निघतात बडगे. बांबू, कागद, चिंध्यांचे मोठाले पुतळे, त्या वर्षी ज्याचा राग आला असेल त्याच्या रूपातले. महागाई, भ्रष्टाचार, एखादा पुढारी. "घेऊन जा गे मारबत" ओरडत गल्ल्यागल्ल्यांतून मिरवायचे आणि शेवटी जाळायचे. ईडापीडा घेऊन जाते म्हणतात.

"आमच्या गल्लीत बनवायचे. मी सहा-सात वर्षांची असेन. काकांनी मला उचलून धरलं होतं आणि डोळे मी रंगवले. काळा ऑइलपेंट, हातभर ब्रश."

"छान आठवण आहे."

"हो ना. सगळे होते. कोणी खळ लावून राहिलं, कोणी कागद चिकटवून राहिलं. मस्त वाटायचं."

"आणि मग जाळला."

"हो." आणि इथे ती थोडी पुढे सरकून बसली. "तुम्हाला खरं सांगू? पोरं रडत होती जाळताना. मला बरं वाटलं होतं."

"काहून?"

"एक डोळा तिरपा झाला होता ना. रात्रभर मला तेच दिसत होतं. मिरवणुकीत मी खालून पाहत होती, आता कोणी म्हणते, मग कोणी म्हणते. कोणीच काही म्हटलं नाही. मग जळला. मी म्हटलं, चला, सुटली."

खोलीत पंख्याचा आवाज तेवढा होता. मी काही बोलले नाही. वीस वर्षांत या कामाने मला काही शिकवलं असेल तर एवढंच, की अशा वेळी आपलं शहाणपण गिळून टाकायचं. गिळलं.

ती स्वतःच म्हणाली, "सेट प्रयोगानंतर मोडतात. भिंतीवर दुसऱ्या वर्षी दुसरं कोणी रंग मारते. ग्रुप शोमध्ये आपली दोनच चित्रं असतात, ती पण कोपऱ्यात." मग थांबून, "बडग्यावर कोणाचं नाव नसते, मॅडम."

तीन भेटींत मी तिची कामं मोजत होते. तिने त्या दिवशी त्यांची जात ओळखली. जिथे चूक सगळ्यांत वाटली जाते किंवा लवकर पुसली जाते, अशीच कामं ती निवडत आली होती. वेळ पुरत नव्हता हे खोटं नव्हतं. तो पुरू नये याची तजवीज मात्र तीच करत होती, आणि अतिशय मेहनतीने.

इथे मला तुमच्यातल्या काहींचं मन राखून बोलायचं आहे. मिळून केलेलं काम म्हणजे पळवाट, असं मी म्हणत नाही. भिंतीच्या कामातून खोलीचं भाडं निघतं, सेट करताना हात तयार होतो, ओळखी होतात. "नाही म्हटलं तर पुढच्या वेळी बोलावणार नाहीत" ही भीतीही अगदी पोकळ नाही, लहान शहरात तर नाहीच. म्हणून सरसकट 'नाही म्हणायला शिका' हा सल्ला मला फुकटचा वाटतो. तारीख लावून नाही म्हणता येतं. "आत्ता नाही, पोळ्यानंतर करू" असं म्हटल्यावर बोलावणारा दुखावल्याचं मी क्वचितच ऐकलं आहे. आणि हो म्हणण्याआधी दोन गोष्टी विचारून घ्याव्या, लेखी असल्या तर उत्तम: माझं नाव कुठे आणि कसं येणार, आणि पैसे कधी. ज्यांना हे विचारायचा संकोच वाटतो, त्यांनी त्या संकोचाकडे जरा निरखून पाहावं. नाव नको असण्यातही सोय असते.

आईवडिलांना एवढंच सांगते, की "हाती काय?" हा प्रश्न तुमच्या आधी त्या पोरांनीच स्वतःला विचारलेला असतो, रात्री दोन वाजता. त्यापेक्षा "सध्या कुठलं चित्र चाललं आहे, दाखव बरं" म्हणा. अर्धवट असलं तरी.

अर्धवट दाखवणं हाच तिचा पुढचा अभ्यास होता. मी वेळापत्रक फाडायला सांगितलं (तिने फाडलं नाही, आईने ते स्वयंपाकघरात लावलं आहे म्हणे). आठवड्याला एक चित्र, जसं असेल तसं, एका माणसाला दाखवायचं. पहिल्या आठवड्यात तिने आजीला दाखवलं, म्हणजे परीक्षक फितूर. दुसऱ्या आठवड्यात कॉलेजातल्या एका कडक सरांना. सर म्हणाले, डावीकडचा निळा चुकला आहे. ती मला सांगायला आली तेव्हा डोळे लाल होते. "मग काय केलंस?" विचारलं. "निळा तसाच ठेवला. मला आवडते तो."

त्या निळ्यासाठी मी त्या दिवशी घरी जाताना स्वतःला एक प्लेट तर्री पोहे खाऊ घातले.

तिसऱ्यांदा तारीख मिळाली तेव्हा तिने ती परत केली नाही. मुंबईच्या गटाला तिने दोन महिन्यांची सुट्टी सांगितली, शाळेची भिंत घेतली कारण पैसे हवे होते. चौदा चित्रांचं ठरलं होतं, अकरा झाली.

उद्घाटनाला मी जाणं बरं दिसत नाही, म्हणून दुसऱ्या दिवशी दुपारी गेले. मे महिना, बाहेर पंचेचाळीस अंश, रस्त्यावर कुत्रं नाही. आत ती एकटीच प्लास्टिकच्या खुर्चीवर, समोर अभिप्रायाची वही.

"काल चाळीस लोकं होती. आज सकाळपासून तुम्हीच."

मी एक फेरी मारली. प्रत्येक चित्राखाली तिचं नाव होतं, जरा बारीक टायपातच.

"तीन नंबरचं काढून घ्यावंसं वाटून राहिलं," ती मागून म्हणाली. "सकाळपासून तेच दिसून राहिलं मला."

मी तीन नंबरसमोर जाऊन उभी राहिले. काय चुकलं होतं ते मला काही कळलं नाही, तसं चित्रातलं मला फारसं कळतही नाही. विचारावं का असं मनात आलं, विचारलं नाही. साडेपाचला माझी पुढची भेट होती, म्हणून पाचला निघाले. तोवर ते भिंतीवर होतं.