पहिल्यांदाच एकट्याने विमानाने जाताना भीती वाटते का? तुमचा अनुभव कसा होता?

वय १९, याआधी कधी विमानात पाऊल ठेवलेलं नाही आणि सोबत कुणी नाही, असं तुम्ही लिहिलंय. मीही साधारण तुमच्याच वयात पहिल्यांदा एकटी गेले होते, म्हणून लिहितेय.

विमानतळाचा फार विचार करू नका. सामान देणं, सुरक्षा तपासणी, गेट हे सगळं ओळीने समोर येत जातं आणि जागोजागी पाट्या असतात. पॉवर बँक तेवढी हातातल्या बॅगेत ठेवा, खाली जाणाऱ्या बॅगेत ती चालत नाही. लिथियम बॅटरीने पेट घेतलाच, तर माणसं बसतात तिथे तो लगेच लक्षात येतो आणि विझवता येतो. बोर्डिंग पासवरचा गेट नंबर ऐनवेळी बदलू शकतो, त्यामुळे स्क्रीनकडे अधूनमधून बघत राहा.

मला भीती वाटली ती विमानात बसल्यावर. काहीतरी आवाज व्हायचा आणि ‘हे काय होतं गं?’ असं विचारायला शेजारी आपलं माणूस नव्हतं. एकटेपणा खरा तिथे जाणवला. म्हणून ते आवाज तुम्हाला आधीच सांगून ठेवते.

एअरबस ए३२० प्रकारचं विमान असेल, तर जमिनीवर असतानाच पायाखालून कुत्रा भुंकल्यासारखा आवाज येऊ शकतो. विमानात हायड्रॉलिक, म्हणजे द्रवाच्या दाबावर चालणाऱ्या वेगवेगळ्या यंत्रणा असतात. एकीतला दाब कमी असला की दुसरीच्या जोरावर तो भरून काढणारं उपकरण तिथे चालू होतं. उड्डाण झालं की काही सेकंदांत धप्पकन काहीतरी आदळल्यासारखं होतं. ती चाकं आत गेली.

मग येतो तो क्षण, ज्याबद्दल मला कुणीच सांगितलं नव्हतं. इंजिनांचा आवाज एकदम उतरतो आणि आपण खाली चाललोय असं पोटात वाटतं. माझे हात गार पडले होते. खरं तर विमान तेव्हाही वरच चढत असतं. धावपट्टी सोडायला लागणारी जादा ताकद आता नको असते, म्हणून वैमानिक इंजिनांचा जोर कमी करतात. वेग वाढण्याचं प्रमाण घटलं की आपल्या कानातली तोल सांभाळणारी यंत्रणा त्याचा अर्थ ‘पडतोय’ असा लावते. हे मला आधी माहीत असतं तर ती पाच मिनिटं फार सोपी गेली असती.

हवेतल्या धक्क्यांना घाबरू नका. अपेक्षित असलेल्या जास्तीत जास्त भाराच्या दीडपट भार पेलेल अशीच विमानाची रचना करावी लागते. पंख वरखाली हलताना दिसतील, ते तसे हलायलाच हवेत. पट्टा मात्र ‘पट्टा बांधा’ सांगणारा दिवा विझला तरी बांधलेलाच ठेवा.

कान उतरताना जास्त दुखतात. कानातली हवा बाहेर सहज पडते, आत शिरायला तिला वेळ लागतो. तेव्हा झोपू नका, आवंढे गिळत राहा, जांभई द्या. जोराची सर्दी असेल तर निघण्याआधी डॉक्टरांना विचारून घ्या.

आत शिरतानाच केबिन क्रूला सांगा, ‘मी पहिल्यांदाच आणि एकट्यानेच प्रवास करतेय/करतोय.’ मी सांगितलं होतं. त्यांच्यातल्या एक ताई मधूनच येऊन ‘ठीक आहेस ना?’ एवढंच विचारून जायच्या, पण त्याचा मला केवढा आधार वाटला!

सीट निवडता आली तर खिडकीचीच घ्या. पंखाजवळ धक्के कमी जाणवतात हे खरं, पण पंखामुळे खालचं काही दिसत नाही. मी तरी पहिल्या वेळी दृश्यच निवडेन. ढगांच्या वर आल्यावर मी इतकी हरखले की भीती कधी गेली ते कळलंच नाही.

टेकल्यावर मोठी घरघर होईल, ते इंजिनाचा झोत उलटा वळवून वेग कमी करणं असतं. बाहेर पट्ट्यावर एकसारख्या दिसणाऱ्या बॅगा बऱ्याच येतात, तेव्हा उचलण्याआधी टॅगवरचा नंबर आपल्या पावतीशी जुळवून बघा.