टेकडी, दोस्त, कुत्रं आणि कॅमेरा: वाचकांचे प्रश्न

मागच्या अंकात मी आमच्या रविवारच्या फेरफटक्यांबद्दल लिहिलं होतं, म्हणजे आम्ही चार मैत्रिणी, दोन कुत्रे, बहुतेक वेळा पुण्यातली वेताळ टेकडी आणि मोठी सुट्टी असली की दिवे घाट ओलांडून सासवडकडचा माळ. त्यावर खूप पत्रं आली. सगळ्यांना उत्तर देणं शक्य नाही पण जे प्रश्न पुन्हा पुन्हा आले ते घेतलेत.

प्रश्न: ताई, आमचा कुत्रा काळाभोर आहे. फोटोत तो कुत्रा वाटतच नाही, नुसता काळा डाग दिसतो, डोळेसुद्धा दिसत नाहीत. मोबाईल चांगला आहे. काय चुकतंय? (एक वाचक, कोथरूड)

हा त्रास काळं कुत्रं असलेल्या प्रत्येकाला होतो आणि तुमचं फार काही चुकत नाहीये. फोन किंवा कॅमेरा समोरचा उजेड मोजतो आणि सगळं मिळून मध्यम करड्या रंगाइतकं उजळ यावं असा हिशोब लावतो. आता कुत्रं लांब उभं आहे, मागे निम्मं आकाश आणि ऊन पडलेलं गवत, तर फोन त्या आकाशाच्या हिशोबाने फोटो डार्क करतो आणि कुत्र्याचा डाग होतो. उलट अगदी जवळून काढला की फ्रेमभर काळी केसच केस, मग फोन उजेड वाढवतो आणि काळं कुत्रं राखाडी दिसतं, मागचं सगळं पांढरं फटक. पांढऱ्या कुत्र्याचं याच्या बरोबर उलटं, तो मळका दिसतो.

उपाय सोपा आहे. स्क्रीनवर कुत्र्याच्या तोंडावर बोट टेकवा, थोडं दाबून धरा म्हणजे फोकस आणि उजेड लॉक होतो, मग बाजूला सूर्याचं चिन्ह येतं ते वर-खाली सरकवून उजेड हाताने ठरवा. कान आणि गाल वेगवेगळे दिसायला लागले की थांबा, त्याच्या पुढे नको.

पण यापेक्षा महत्त्वाचं म्हणजे कुत्र्याचं तोंड कुठे आहे. आमच्यातला एक कुत्रा काळाच आहे, त्याचे बरे फोटो यायला मला वर्ष लागलं. शेवटी कळलं की तो झाडाच्या सावलीच्या अगदी कडेला बसला, तोंड बाहेरच्या मोकळ्या आकाशाकडे, की त्याच्या डोळ्यात आकाशाचा एक छोटा पांढरा ठिपका उमटतो, आणि तो ठिपका आला की फोटो जिवंत होतो, नाही आला की कितीही महागडा फोन असू दे डोळे विझल्यासारखे दिसतात. वेताळ टेकडीवर गिरिपुष्पाची झाडं भरपूर आहेत, त्यांच्या सावलीची कड शोधा आणि तिथे त्याला बसवा, जमलं तर ऑक्टोबर-नोव्हेंबरमध्ये, कारण तेव्हा गवत सोनेरी झालेलं असतं आणि त्यावर काळा रंग इतका सुंदर उठून दिसतो की बास.

आणि खाली बसा प्लीज. उभ्याने काढलेला फोटो म्हणजे कुत्र्याची पाठ. गुडघे मातीत टेकवायचे, फोन त्याच्या नाकाच्या उंचीला आणायचा.

प्रश्न: आम्ही पाच जण आणि तीन कुत्रे, ग्रुप फोटो कधीच जमत नाही. एक बघतो तर दुसरा पळतो. पळतानाचे फोटो काढले तर सगळे हललेले. (वाचक मित्रमंडळी, नाशिक)

तुम्ही गंगापूरच्या बाजूला फिरता असं पत्रात लिहिलंय, मोकळी जागा आहे म्हणजे. आधी हललेल्या फोटोंचं सांगते. सकाळी अगदी लवकर उजेड कमी असतो, त्यामुळे फोन शटर जास्त वेळ उघडं ठेवतो आणि तेवढ्या वेळात कुत्रं दोन ढांगा पुढे गेलेलं असतं. डिसेंबरात सूर्य उगवायलाच सात वाजतात, तर सात ते साडेसात बसलेल्या, उभ्या कुत्र्यांचे फोटो काढा आणि ऊन नीट वर आलं की पळण्याचे. ज्यांच्याकडे कॅमेरा आहे त्यांनी शटर स्पीड १/१००० सेकंद किंवा त्याहून जलद ठेवा, फोनवाल्यांनी बर्स्ट वापरा, म्हणजे एका दमात पटापट बरेच फोटो, बऱ्याच फोनमध्ये शटरचं बटण दाबून धरलं किंवा बाजूला ओढलं की सुरू होतं. कुत्रं आडवं पळताना पकडणं अवघड, सरळ तुमच्याकडे येताना सोपं, म्हणून एका मित्राने त्याला लांब धरून ठेवायचं आणि ज्याच्यावर त्याचा सगळ्यात जास्त जीव आहे त्याने फोटो काढणाऱ्याच्या शेजारी बसून हाक मारायची. कान मागे, चारही पाय हवेत, असा एक तरी मिळतोच.

ग्रुप फोटोचं मात्र माझं स्पष्ट मत आहे, सगळ्यांनी कॅमेऱ्याकडे बघायचा हट्ट सोडा. हाका मारून, बिस्किटं दाखवून कुत्री वैतागतात, जांभया देतात, ओठ चाटतात, आणि हे ताणाचं लक्षण असतं, कंटाळ्याचं नाही. त्यापेक्षा एकाने वीस-तीस पावलं मागे राहायचं आणि बाकीचे पायवाटेने चालत असताना मागून काढायचा. माझ्याकडचा सगळ्यात आवडता फोटो असाच आहे, चौघींपैकी तिघी गप्पा मारत निघाल्यात, एकीच्या खांद्यावर पट्टा टाकलेला, आणि दोन कुत्र्यांपैकी एकच मागे वळून बघतोय, मी येतेय का म्हणून. त्या फोटोसाठी कुणीही पोज दिलेली नाही.

प्रश्न: माळावर गेल्यावर कुत्र्याला मोकळं सोडावं का? पट्टा फोटोत वाईट दिसतो. अभयारण्यात नेलं तर चालेल का? (एक वाचक, बारामती)

अभयारण्यात नाही, अजिबात नाही. तुमच्या जवळच सुप्याचं मयूरेश्वर अभयारण्य आहे, चिंकारा बघायला जरूर जा, पण कुत्रं घरी ठेवून.

अभयारण्याबाहेरच्या माळाबद्दल जरा सविस्तर लिहिते कारण हे मला मनापासून सांगायचंय. माळ रिकामा दिसतो पण तो रिकामा नसतो. टिटवी साधारण मार्च ते ऑगस्ट उघड्या जमिनीवर अंडी घालते, चार अंडी, मातीच्याच रंगाची, ठिपकेवाली, पायाखाली येईपर्यंत दिसत नाहीत. तितर, चंडोल हे पण जमिनीवरच. टिटवी डोक्यावर घिरट्या घालून ओरडायला लागली की समजा तुम्ही घरट्याजवळ आहात, तिचा फोटो काढायला थांबू नका, कुत्र्याला घेऊन आल्या वाटेने मागे फिरा. पुणे जिल्ह्यातल्या माळांवर लांडगेही आहेत, आणि कुत्र्यांचे रेबीज, डिस्टेंपरसारखे आजार त्यांना होतात. पुण्याजवळ लांडगा आणि कुत्र्याचा संकर झाल्याचंही जनुकीय तपासणीत सिद्ध झालंय. म्हणून लसी वेळेवर द्या आणि पट्टा लावा.

मला हे कळायला एक सकाळ लागली. सासवडच्या पुढे एका माळावर आम्ही कुत्र्याला सोडलं होतं, कारण तुमच्यासारखंच, पट्टा फोटोत नको होता. चढाच्या पलीकडे मेंढरं होती. तो धावला, कळप फुटला, आणि ती मेंढरं गोळा करायला धनगर कुटुंबाला आणि आम्हाला अर्धा-पाऊण तास लागला. त्यांच्यातल्या आजी रागावल्या नाहीत, एवढंच म्हणाल्या, "बाई, गाभण मेंढरं हायत त्यात, पळवू नगा." मला अजून ते वाक्य आठवलं की पोटात खड्डा पडतो. आम्ही माफी मागितली, त्यांनी चहा दिला. नंतर विचारून त्यांचा आणि कोकराचा फोटो काढला आणि पुढच्या खेपेला प्रिंट नेऊन दिली. दिवाळीनंतर बरेच कळप घाट उतरून कोकणाकडे जातात आणि पावसाच्या आधी परततात, त्या दिवसांत वाटेत भेट होणारच, तर कुत्रं जवळ घ्या आणि फोटोआधी विचारा. विचारलं की बहुतेक जण हो म्हणतात.

पट्ट्याचं म्हणाल तर लांब, पातळ, मातकट रंगाचा घ्या, पाच-सहा मीटरचा, गवतात तो दिसतही नाही.

जुन्नर, आंबेगाव, शिरूरकडच्या वाचकांनीही हाच प्रश्न विचारलाय. तुमच्याकडे पट्टा हवा तो बिबट्याच्या भीतीने. उसाच्या कडेने संध्याकाळच्या उजेडात फोटो काढत रेंगाळू नका, कितीही सुंदर उजेड असू दे.

प्रश्न: पावसाळ्यात आणि उन्हाळ्यात काय काळजी घ्यायची? (दोन-तीन पत्रं)

थोडक्यात. पावसाळ्यात घरी आल्यावर बोटांच्या फटी आणि कानामागे गोचीड शोधा, साठलेलं पाणी पिऊ देऊ नका, आणि लेन्स कोरड्या सुती फडक्याने पुसत राहा, कारण धुरकट फोटोंतले निम्मे नुसत्या ओल्या बोटांचे असतात. पाऊस संपल्यावर कुसळं. ती पंजात, कानात घुसतात आणि आत आत जात राहतात, कुत्रं सारखं डोकं झटकायला लागलं तर डॉक्टरकडे न्या. उन्हाळ्यात उघड्या खडकावर तळहात सात सेकंद ठेवून बघा, तुम्हाला सोसवत नसेल तर त्यालाही नाही. फेब्रुवारी-मार्चमध्ये पळस आणि काटेसावर फुलतात, खाली पडलेल्या केशरी फुलांत बसलेलं कुत्रं, हा फोटो सकाळी आठच्या आत उरकता येतो.

प्रश्न: आमची कुत्री तेरा वर्षांची झाली. आता टेकडी चढवत नाही, मागच्या पायात जोर नाही. आधीचे फोटो सगळे घाईघाईत काढलेले, एकही धड नाही. आता काढून काय उपयोग असं घरचे म्हणतात. (एक वाचक, सातारा)

काढा. याच आठवड्यात काढा. टेकडीची गरज नाही, तिची आता जी चक्कर असेल, फाटकापासून कोपऱ्यावरच्या झाडापर्यंत असेल तर तेवढीच. ती कुठे थांबून वास घेते, कुठे बसते, ते तुम्हाला माहीत असेलच, तर तिथे आधी जाऊन खाली बसा आणि तिला येऊ द्या, हाक नका मारू. म्हातारं कुत्रं हळू चालतं त्यामुळे तुम्हाला हवा तेवढा वेळ आहे. तोंडावरची पांढरी केसं कडेने येणाऱ्या कोवळ्या उन्हात एकेक वेगळी दिसतात, तरुण कुत्र्याच्या फोटोत हे मिळत नाही. पंज्यांचा जवळून एक काढा. जुन्या मित्रमैत्रिणींपैकी ज्यांच्याबरोबर ती टेकडीवर जायची त्यांना बोलवा, ती त्यांना ओळखेल, तो क्षण व्हिडिओत नको, फोटोतच घ्या. एकजण तिला उचलून गाडीत बसवू शकत असेल तर यवतेश्वरच्या रस्त्यावर एकदा न्या, गाडीतून उतरवायलाही नको, खिडकीतून नाक बाहेर काढून वारा खाताना काढा.

आणि घाईत काढलेले जुने फोटो डिलीट करू नका. हललेले असले तरी त्यात ती पळतेय. त्यातले दोन आणि आत्ताचे दोन असे चार प्रिंट करून घ्या, मागे पेनने तारीख आणि जागा लिहा, आणि मला एक पाठवा.