‘तीही रेडिओग्राफरच होती ना!’

प्रश्न : आम्ही बरीच वर्षं इंग्लंडमध्ये कोव्हेंट्रीला राहतो. मुलगी डायग्नॉस्टिक रेडिओग्राफीच्या (एक्स-रे, स्कॅन काढण्याच्या शिक्षणाच्या) दुसऱ्या वर्षाला आहे आणि मित्रांच्या स्का बँडमध्ये (स्का म्हणजे जमैकातून आलेलं नाचतं संगीत) गाते. आता कोर्स सोडून पूर्णवेळ गायचं म्हणते. काही बोललं की पॉलीन ब्लॅकचं नाव पुढे करते, ‘तीही रेडिओग्राफरच होती ना!’ यावर काय बोलावं?

उत्तर : ताई, नमस्कार. मुलीने साक्षीदार चांगला गाठलाय, पण साक्ष अर्धीच ऐकलीय.

‘द सिलेक्टर’ या स्का बँडची ही मुख्य गायिका तुमच्याच गावात रेडिओग्राफर होती, हे खरं. पण ती शिक्षण पूर्ण करून नोकरीला लागलेली होती. गाणं नोकरी सांभाळून चाले. आधीचं आडनाव व्हिकर्स. १९७९ मध्ये बँड उभा राहिला तेव्हा रुग्णालयात बोभाटा नको म्हणून तिने ‘ब्लॅक’ हे नाव घेतलं. दिवसा शिशाचा एप्रन, रात्री सूट आणि हॅट! नोकरी सुटली ती बँडला खरी कामं मिळू लागल्यावर.

आता पुढचं ऐका, हे मुलीलाही वाचून दाखवा. बँडचं ‘ऑन माय रेडिओ’ हे गाणं त्याच वर्षी ब्रिटनच्या खपाच्या यादीत आठव्या क्रमांकावर गेलं. १९८० चा पहिला अल्बम पाचव्या. आणि एवढं होऊनही दोन-तीन वर्षांत पहिला डाव आटोपला. नंतर तिने टीव्हीवर निवेदन केलं, नाटकं केली. अमेरिकन जॅझ गायिका बिली हॉलिडेच्या भूमिकेसाठी १९९१ मध्ये तिला ‘टाइम आउट’ या लंडनच्या मासिकाचा पुरस्कार मिळाला. त्याच सुमारास बँड पुन्हा जमला. २०११ मध्ये आत्मचरित्र आलं, २०२२ मध्ये ओबीई हा ब्रिटिश सन्मान. याला मी ‘गायिकेचं करिअर’ म्हणतो. गाजलेली वर्षं त्यात थोडी, टिकून राहायची वर्षं जास्त.

पैशांचं तर कोणी बोलतच नाही. बँडमध्ये माणसं सात. ‘ऑन माय रेडिओ’ लिहिलं गिटारवादक निओल डेव्हिसने. लोकांच्या कानात आवाज पॉलीनचा, पण गाण्याच्या हक्काचे पैसे लिहिणाऱ्याकडे जातात. पुढे तर एकाच नावाचे दोन संच झाले आणि नाव कोणाचं यावर भांडण पेटलं. म्हणून मुलीला विचारा : तुमची गाणी लिहितं कोण? नाव कोणाच्या मालकीचं? यातलं काही कागदावर आहे का? गाण्यांची नोंद पीआरएसकडे (ही गाणी लिहिणाऱ्यांचे पैसे गोळा करणारी संस्था) आणि गायनाची पीपीएलकडे (ही ध्वनिमुद्रणात गाणाऱ्या-वाजवणाऱ्यांची) वेगवेगळी करावी लागते, हे तिला ठाऊक नसेल तर पूर्णवेळ गायची भाषा जरा लवकर होतेय.

कोर्सबद्दल माझं मत स्पष्ट आहे : पूर्ण करावा. तिथे एचसीपीसी या आरोग्य व्यवसायांच्या नियामक संस्थेची नोंदणी असल्याशिवाय रेडिओग्राफर म्हणवून घेता येत नाही आणि अर्ध्या पदवीवर ती मिळत नाही. नोंदणी झाली की मात्र हा पेशा गाणाऱ्या माणसाला फार सोयीचा. रुग्णालयांत ‘बँक’वर, म्हणजे गरजेनुसार बोलावायच्या कर्मचाऱ्यांच्या यादीत, नाव घालून हव्या तेवढ्या पाळ्या घेता येतात, दौरा असला की त्या आठवड्यात घ्यायच्या नाहीत. (एनएचएसमध्ये, म्हणजे तिथल्या सरकारी आरोग्यसेवेत, पगाराच्या पायरीलाही बँडच म्हणतात. नवा रेडिओग्राफर बँड पाचला लागतो. हा बँड फुटत नाही, असं तिला खुशाल ऐकवा.)

तिला आत्ताच मोठा दौरा मिळाला असेल, तर कोर्स सोडण्याऐवजी वर्षभराच्या खंडाची परवानगी मिळते का, हे तिने विद्यापीठात विचारावं.

तुमच्यासाठीही एक काम आहे. तिचं गाणं समोर बसून कधी ऐकलंय का? पत्रात तसा उल्लेख नाही. पुढच्या कार्यक्रमाला दोघं तिकीट काढून जा, मागे उभे राहा, माणसं मोजा. त्यातले वर्गमित्र किती आणि अनोळखी किती, ते घरी आल्यावर तिलाच विचारा.